पेरूचा क्रेट घरी आणला, आता पुढे काय? निवड, साठवण आणि स्वयंपाकघरातली कमाई



कमी भांडवलात घरून काय सुरू करता येईल, असं कुणी विचारलं की मी बऱ्याचदा पेरूचं नाव घेतो. लोक हसतात. पेरू काय हो, शाळेच्या दारात गाडीवर मिळतो, त्यात धंदा कसला? पण एक गोष्ट बघा. पेरू महाराष्ट्रात जवळजवळ सगळीकडे मिळतो, हंगामात स्वस्त असतो, त्याला कुणाची ओळख करून द्यावी लागत नाही आणि कच्चा, पाडाला आलेला, पिकलेला अशा प्रत्येक अवस्थेत त्याचं काहीतरी होतं. अडचण एकच. तयार पेरू तोडला की घरच्या हवेत चार-सहा दिवसांत मऊ पडतो. म्हणजे तुमचे पैसे रोज थोडे थोडे मऊ पडत असतात! म्हणून पेरू विकत घ्यायच्या आधीच ठरलेलं पाहिजे की यातला कुठला पेरू कुठे जाणार. हा लेख त्यासाठीच आहे.

गिऱ्हाइकाला काय सांगाल?

पेरूची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे क जीवनसत्त्व. १०० ग्रॅम पेरूत ते साधारण २०० मिलिग्रॅमच्या वर असतं. संत्र्यात ५०च्या आसपास. म्हणजे जवळपास चौपट. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे एक मध्यम पेरू खाल्ला तर दिवसाचं काम झालं. हे जीवनसत्त्व सालीत आणि सालीजवळच्या गरात जास्त असतं, त्यामुळे साल सोलून खाऊ नका, धुऊन सालीसकट खा, असं बिनधास्त सांगा. शिवाय १०० ग्रॅमला साधारण ५ ग्रॅम तंतू, आणि उष्मांक ७०च्या आत. डाळ-भाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, हेही खरं आहे. गुलाबी गराच्या पेरूत लायकोपिन असतं, टोमॅटोला लाल रंग देतं तेच.

आता इथेच एक सावधगिरी. हे सगळं ताज्या पेरूचं झालं. क जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं. तुम्ही पेरूची जेली तासभर आटवली आणि बाटलीवर "क जीवनसत्त्वाचा खजिना" असं छापलं, तर ते खोटं होईल. तसंच "मधुमेह बरा होतो", "कॅन्सरवर गुणकारी" वगैरे तर अजिबात छापायचं नाही. जाहिरात आणि दाव्यांबाबत एफएसएसएआयचे २०१८चे नियम आहेत, आणि आजार बरा करण्याचा दावा खाद्यपदार्थावर चालत नाही. जेली विकायची तर चव आणि रंगावर विका. आरोग्यावर विकायचं तर ताजा कापलेला पेरू विका.

अजून एक गंमत. आपल्याकडे पेरूनं सर्दी होते असं घरोघरी सांगतात, आणि पेरूचा सगळ्यात चांगला हंगाम नेमका थंडीत! गिऱ्हाइकाशी यावर वाद घालू नका. फोडींवर तिखट-मीठ भुरभुरवा आणि द्रोण पुढे करा. सर्दीचा विषय आपोआप मागे पडतो.

हंगाम कळला तर भाव कळतो

पेरूला आपल्याकडे बहार धरतात. मृग बहाराची फळं थंडीत येतात, आंबे बहाराची पावसाळ्यात, हस्त बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर. थंडीतला पेरू गोड, वासाचा आणि घट्ट असतो. पावसाळ्यातला स्वस्त मिळतो, पण पाणचट असतो आणि त्याला फळमाशी जास्त लागते. नवीन माणूस ऑगस्टमध्ये स्वस्त बघून दोन क्रेट उचलतो आणि घरी येऊन निम्म्यात अळ्या सापडतात. तेव्हा पहिला प्रयोग थंडीतच करा. राहाता, दौलताबाद, इंदापूर, सासवड अशा पेरूच्या भागांच्या जवळ राहत असाल तर थेट बागेतून घेण्याची सोय बघा. अडत, हमाली, तोलाई वाचतेच, शिवाय तोडणीचा दिवस तुमच्या हातात राहतो. तो फार महत्त्वाचा.

जात कुठली घ्यायची हे तुम्ही काय करणार त्यावर ठरतं. सरदार, म्हणजे लखनौ-४९, हा खरं तर पुण्याचा पेरू! गणेशखिंडच्या फळ प्रयोग केंद्रात डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेदाच्या रोपांमधून १९२७ मध्ये तो निवडला. गर भरपूर, रसाळ, वास चांगला, त्यामुळे गर काढायला, जेली-वडीला उत्तम. अलाहाबाद सफेदा गुळगुळीत, पांढऱ्या गराचा, तोही चालतो. ललित गुलाबी गराची आहे. सरबत, आइस्क्रीमला तिचा रंगच अर्धी विक्री करून देतो. व्हीएनआर जातीचं एकेक फळ अर्ध्या किलोपर्यंत भरतं, करकरीत असतं, बिया कमी. ते कापून विकायला भारी. पण त्याची जेली करायला जाल तर वासही कमी आणि भावही परवडणार नाही. बाजारात फोमची जाळी आणि प्लॅस्टिक पिशवी घातलेली फळं दिसतात ना, ती झाडावर असतानाच झाकलेली असतात. फळमाशीपासून वाचतात, साल स्वच्छ राहते. भाव जास्त, पण कापून विकणाऱ्याला वाया कमी जातं, हे गणितात धरा.

क्रेट कसा तपासायचा

वरचा थर बघून भाव ठरवायचा नाही. व्यापारी वाईट असतो असं नाही, पण वरचा थर नेहमी देखणाच असतो. हात खाली घाला, तळातली तीन-चार फळं काढा आणि एक-दोन कापून बघायला मागा. नाही म्हणाला तर पुढे चला.

गडद हिरवा, खडखडीत पेरू अजून तयार झालेला नसतो. त्यातले बरेच पिकण्याऐवजी सुरकुततात. हिरव्याचा रंग फिकट होऊन पोपटीकडे झुकायला लागला की फळ तयार. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे. देठावर हिरवं पान असेल तर तोडून फार वेळ झालेला नाही. सालीवर टाचणीनं टोचल्यासारखा ठिपका आणि त्याभोवती काळपट, मऊ डाग दिसला की समजा फळमाशीनं अंडी घातली आहेत. असं फळ बाहेरून कितीही छान असो, घ्यायचं नाही. दोन-चार खरचटलेले चालतात, खरचटलेला पेरू गर काढायला जातो. टोचलेला कुठेच जात नाही.

घरी आणल्यावर पहिला तास

पेरू आणला की लोक पहिल्यांदा धुतात. नका धुऊ! ओलावा राहिला की बुरशी लवकर धरते. विकायच्या किंवा कापायच्या वेळीच धुवायचा. आधी प्रतवारी करा. जमिनीवर स्वच्छ कागद पसरा आणि तीन ढीग लावा: घट्ट पोपटी, पाडाला आलेले पिवळसर, आणि मऊ. फुटलेले, टोचलेले लगेच वेगळे करा. एक कुजका पेरू क्रेटमध्ये राहिला तर बाकीच्यांची वाट लावतो, कारण पेरू केळ्यासारखाच तोडल्यानंतरही पिकत राहतो आणि पिकताना जो वायू सोडतो त्यानं शेजारचेही लवकर पिकतात. म्हणूनच पेरू केळ्यांजवळ ठेवायचे नाहीत. उलट, एखादा ढीग लवकर पिकवायचा असेल तर कागदी पिशवीत एक पिकलं केळं टाका, दोन दिवसांत काम होतं.

घट्ट पेरू सावलीत, हवेशीर जागी, एका थरात ठेवा. एकावर एक रचले की खालचे दबतात. फ्रीजबद्दल लोकांचा मोठा गोंधळ असतो. पेरूला ८ ते १० अंश तापमान मानवतं. तेवढ्या थंडीत तयार पण घट्ट फळ दोन आठवड्यांच्या आसपास टिकतं. घरचा फ्रीज यापेक्षा बराच थंड असतो. कच्चा पेरू फार थंडीत ठेवला की सालीवर तपकिरी खड्डे पडतात आणि बाहेर काढल्यावर तो नीट पिकत नाही. तेव्हा कच्चा बाहेर, पिकलेला फ्रीजमध्ये. पिकलेला भाजीच्या खणात, भोकं पाडलेल्या पिशवीत तीन-चार दिवस चांगला राहतो. दुधाजवळ ठेवू नका, नाहीतर सकाळच्या चहाला पेरूचा वास येईल.

आणि मऊ ढीग? त्याला हात लावायची वेळ आजच. उद्या नाही.

ढिगाप्रमाणे काम

पोपटी आणि पिवळसर ढीग सरळ विक्रीचा. ऑफिस, कॉलेज, जिम असलेल्या भागात कापलेल्या पेरूचे डबे सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास जातात. कापल्यावर फोडी काळवंडतात, म्हणून लिंबाचा रस किंचित चोळा. तिखट-मीठ आतच टाकू नका, मीठ पाणी सोडायला लावतं. कागदाची छोटी पुडी वेगळी द्या. कापलेला माल त्याच दिवशी संपवायचा, उरला तर घरी खायचा, दुसऱ्या दिवशी विकायचा नाही. डबेवाल्या ताईंसाठी अजून दोन पदार्थ आहेत. एक, पाडाच्या पेरूची कोशिंबीर: बिया काढून बारीक चिरलेला पेरू, दही, दाण्याचं कूट, वरून हिरव्या मिरचीची फोडणी. दुसरी, पेरूची भाजी: मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, पेरूच्या फोडी, तिखट, गूळ, थोडं पाणी, पाच-सात मिनिटं झाकण. आंबट-गोड-तिखट अशी ही भाजी आजीच्या हातची म्हणून लोकांच्या लक्षात असते, पण डब्यात कुणी देत नाही. आठवड्यातून एकदा दिलीत तर तुमचा डबा वेगळा ठरतो.

खरा पैसा मात्र पुढच्या दोन पदार्थांत आहे, कारण ते टिकतात.

एका पेरूतून दोन माल: जेली आणि पेराद

पेरूत पेक्टिन भरपूर असतं. जेली जमते ती यामुळे, बाहेरून काही घालावं लागत नाही. पण एक खुबी आहे: पेक्टिन नुकत्याच पिकलेल्या, थोड्या कडक पेरूत जास्त असतं, अति पिकलेल्यात कमी होतं. म्हणून जेलीला पिवळसर ढिगातले पेरू घ्या आणि वासासाठी त्यात थोडे मऊ मिसळा.

पेरूच्या पातळ चकत्या करा, स्टीलच्या पातेल्यात घ्या. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं नको. चकत्या जेमतेम बुडतील इतकंच पाणी, आणि किलोला दोन लहान लिंबांचा रस. अर्धा तास मंद शिजवा. मग मलमलच्या फडक्यातून गाळा. इथे हात आवरायचा! फडकं पिळलं की रस गढूळ होतो आणि गढूळ जेली दुकानात कुणी उचलत नाही. टांगून ठेवा, रात्रभर ठिबकू द्या.

साखर किती घालायची हे रसच सांगतो. चमचाभर गार रस वाटीत घ्या, दोन चमचे स्पिरिट हळूच घाला, दोन-तीन मिनिटं थांबा. एकच घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, रसाच्या वजनाइतकी साखर चालेल. दोन-तीन तुकडे झाले तर पाऊणपट. बारीक कण झाले तर अर्धीच. हे मिश्रण चाखायचं नाही, लगेच फेकून द्यायचं आणि वाटी स्वयंपाकातल्या भांड्यांपासून वेगळी ठेवायची.

रस आणि साखर मोठ्या आचेवर आटवा, वर येणारा मळ काढत राहा. पुस्तकात १०५ अंश लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. पुण्या-नाशकाकडे पाणीच ९८च्या आसपास उकळतं. सोपा नियम असा: तुमच्याकडे पाणी जितक्या अंशाला उकळतं त्याच्या साधारण ५ अंश पुढे गेलं की जेली तयार. थर्मामीटर नसेल तर उलथनं बुडवून आडवं धरा. थेंब थेंब न पडता पापुद्रा होऊन तुटला की गॅस बंद. धंदा पुढे न्यायचा तर रिफ्रॅक्टोमीटर घ्या, कारण जेलीत विद्राव्य घटक किमान ६५ टक्के असावे लागतात आणि ते अंदाजानं कळत नाही. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत गरमच भरा.

आता फडक्यात राहिलेला चोथा. बहुतेक लोक तो टाकून देतात. तो पुरणयंत्रातून काढा, बिया मागे राहतील, गर खाली येईल. त्यात मऊ ढिगाचा शिजवलेला गर मिसळा आणि गोव्याची पेराद करा. पेरू हे फळ पोर्तुगीजांनी अमेरिका खंडातून इकडे आणलं. आपला "पेरू" शब्दही नासपतीच्या पोर्तुगीज नावावरून आला असं मानतात. त्यांच्याकडच्या पेरूच्या घट्ट मुरंब्याचं गोव्यातलं रूप म्हणजे पेराद. नाताळच्या फराळात ती हमखास असते. तेव्हा डिसेंबर हा पेरूच्या हंगामाचाही महिना आणि विक्रीचाही.

गराच्या पाऊणपट साखर, जाड बुडाची कढई, आणि न थांबता ढवळणं. हे मिश्रण उडतं आणि चटका जोरात बसतो, लांब दांड्याचं उलथनं आणि पूर्ण बाह्या हव्यातच. कडा सुटायला लागल्या की थोडं लिंबू आणि चमचाभर तूप. गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी वळली की तूप लावलेल्या ताटात थापा, रात्रभर ठेवा, सकाळी वड्या पाडा.

फ्रीजरची सोय असेल तर तिसरी वाटही आहे: गर उकळी आणून गार करा, पाव-पाव किलोच्या पिशव्या करून गोठवा. उन्हाळ्यात सरबत आणि आइस्क्रीमवाल्यांना तो लागतो. वर तिखट-मीठ भुरभुरलेलं पेरूचं आइस्क्रीम आता किती लोक मागतात, बघताच ना.

आता हिशेब

आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पद्धत लक्षात घ्या. धरून चालू, २० किलोचा क्रेट, २५ रुपये किलोनं ५०० रुपये, वाहतूक-हमाली १००. झाले ६००. प्रतवारी केल्यावर १३ किलो विक्रीचा, ४ किलो मऊ, ३ किलो बाद. फक्त १३ किलो विकलात तर तुमची खरेदी २५ची राहिली नाही, ४६ रुपये किलोची झाली! मऊ पेरूही वापरलात तर तीच खरेदी साधारण ३५ला येते.

त्या ४ किलो मऊ पेरूचा साधारण २.६ किलो गर निघेल. २ किलो साखर घालून आटवल्यावर ३ किलोच्या आसपास पेराद, म्हणजे पाव किलोचे १२ डबे. खर्च मांडा: पेरू १४१, साखर ९०, गॅस ८०, तूप-लिंबू ३०, डबे-लेबल १४४, आणि तुमचे चार तास, ताशी ७५नं ३००. एकूण ७८५, म्हणजे डब्याला ६५ रुपये. छापील किंमत १२० ठेवलीत आणि दुकानदारानं ३० टक्के घेतले तर हातात ८४. डब्यामागे १९ रुपये सुटले. आता सांगा, यात स्वतःची मजुरी धरली नसती तर तुम्हाला डब्यामागे ४४ रुपये नफा दिसला असता, आणि त्या आनंदात तुम्ही भाव १०० केला असता. मग दुकानदार जाऊन हातात ७०, नफा ५ रुपये. एक बॅच जरा करपली की तोही गेला. बहुतेक घरगुती उद्योग इथेच अडकतात. मजुरी पहिल्या दिवसापासून धरायची, घरातल्याच माणसानं काम केलं तरीही. सुरुवातीचे महिने थेट ओळखीत, सोसायटीत, बचत गटाच्या स्टॉलवर विका, दुकान नंतर.

कागदपत्रं थोडक्यात

विकायला सुरुवात करण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी, ती फॉसकॉस पोर्टलवर होते. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक जास्तीपासून कमीकडे, हिरवं शाकाहारी चिन्ह, निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांक, तारीख, कधीपर्यंत वापरावं, १४ अंकी नोंदणी क्रमांक, नाव-पत्ता. तूप घातलं असेल तर त्यात दुधाचा घटक आहे हेही लिहायचं. "कधीपर्यंत" हा आकडा शेजारच्या लेबलवरून उतरवू नका. प्रत्येक बॅचमधले चार डबे घरी ठेवा, महिन्याला एक उघडा, रंग-वास-चव वहीत लिहा, आणि छपाईच्या आधी एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या.

यंत्रसामग्रीसाठी कर्ज घ्यायचा विचार असेल तर २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सध्याची स्थिती जिल्हा कृषी कार्यालयात विचारा. फळप्रक्रियेचं प्रशिक्षण तुमच्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मिळतं का, तेही विचारून घ्या. पण यंत्राकडे जायच्या आधी घरच्या कढईत निदान पाच बॅचेस करा. एका वेळी पाच किलो पेरू, वही शेजारी, आणि प्रत्येक ढिगाचं वजन आधी आणि नंतर लिहिलेलं. त्या पाच पानांवरून कळेल की तुमच्या बाजारात क्रेटमागे किती मऊ आणि किती बाद निघतो. मशीनचं कोटेशन मागवायचं ते त्यानंतर.